केळ्याचं बीपी नॉर्मल

नमस्कार,

मी लालबागला राहते, वय ५३. फोर्टमधल्या एका पतपेढीत काउंटरवर काम करते. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून डायबेटिस नाही, पण दारात येऊन उभा आहे. रोज अर्धा तास चाला आणि तीन महिन्यांनी परत या. हे बेंगळुरूच्या मुलाला सांगितलं, तर त्याच रात्री त्याने दोन घड्याळांच्या लिंक पाठवल्या. एक १,६९९ रुपयांचं, त्यात बीपी, शुगर, ऑक्सिजन, ईसीजी सगळं कळतं म्हणे. दुसरं ॲपलचं, त्याच्या हातात आहे तसं, तीस हजारांच्या घरातलं. माझा फोन साधा अँड्रॉइड. आमच्या ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा मला ते पहिलंच बरं वाटतंय, एकात दोघांचं भागेल. मुलाची अट एकच : कुठलंही घे, पण ॲप माझ्या फोनला जोड, म्हणजे तू चालतेस का ते मला इथून दिसेल. ऑफिसातल्या मुली रोज दहा हजार पावलांचा हिशोब करतात, माझी किती व्हायला हवीत? घ्यावं कुठलं आणि लावायचं कसं, जरा नीट सांगाल का?

— एक वाचक, लालबाग

ता. क. ह्यांना घड्याळ दिलं तरी ते लग्नातलं एचएमटी काढणार नाहीत. दोन हातांत दोन घड्याळं बरी दिसतात का?

ताई, सुरुवात त्या १,६९९ पासूनच करते, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत माझ्या भाच्याने मला असंच एक घड्याळ आणून दिलं. ‘मावशी, यात सगळं आहे.’ खरंच सगळं होतं. स्वयंपाकघरात मोदकांची तयारी चालली होती, ओट्यावर केळ्यांचा घड पडला होता. मला काय लहर आली, एका केळ्याला तो पट्टा आवळला आणि मोजायला लावलं. अर्ध्या मिनिटात आकडे आले. नाडी ७४. ऑक्सिजन ९८. बीपी ११८/७६. आमच्या घरात इतकं सुरेख बीपी कुणाचंच नाही. भाचा गप्प झाला, केळं शिकरणात गेलं.

आता, नाडी दिसली याचं मला फार नवल वाटलं नाही. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो कातडीखालच्या रक्तावर प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश घटतो; दोन ठोक्यांच्या मध्ये पुन्हा वाढतो. ही वरखाल मोजली की नाडी मिळते. समोर केळं ठेवलं तरी प्रकाश परत येतोच, त्यात थोडी हालचाल झाली की चांगलं यंत्रही फसू शकतं. पण बीपी? ज्या वस्तूत रक्तच नाही तिचं बीपी ठामपणे सांगणारं यंत्र तुमच्या ह्यांच्या मनगटावर बसलं, की ते मोजणार नाही, कल्पना करणार. आणि ती कल्पना बहुतेक वेळा गोड असणार, कारण १२०/८०च्या आसपासचा आकडा पाहिला की कुणी तक्रार करत नाही. बीपी वाढलेल्या माणसाला ‘सगळं ठीक’ म्हणणारं घड्याळ हे घड्याळ नसण्यापेक्षा वाईट.

शुगरचं तर त्याहून सरळ आहे. सुई न टोचता, नुसत्या मनगटावरून रक्तातली साखर खात्रीने मोजणारं घड्याळ बाजारात नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर इशारा दिला की अशा कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, वापरू नका. दंडावर चिकटवायचे सेन्सर मिळतात ते वेगळे. त्यांची केसासारखी तार कातडीखाली जाते, दोनेक आठवड्यांनी तो सेन्सर बदलावा लागतो, आणि तुम्हाला आत्ता त्याची गरज आहे की नाही ते डॉक्टर सांगतील. तेव्हा ज्या जाहिरातीत ‘शुगर’ हा शब्द दिसेल ती तिथेच बंद करायची. बाकीचं काही वाचायचीही गरज नाही, जो एका बाबतीत इतकं खोटं सांगू शकतो तो दुसऱ्या बाबतीतही सांगेल.

ईसीजीची ओळखायची खूण सोपी आहे. मनगटावरच्या खऱ्या ईसीजीला दोन्ही हात लागतात : घड्याळ एका हातावर, आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या बटणावर किंवा कडेवर अर्धा मिनिट टेकवायचं. तरच विजेचा फेरा पूर्ण होतो. बोट टेकवायला न सांगता पडद्यावर नागमोडी रेघ धावत असेल तर ती सिनेमातल्या हॉस्पिटलची रेघ आहे. आणि खरा असला तरी तो एकाच तारेचा ईसीजी. ठोके अनियमित आहेत का एवढं सुचवतो, हार्ट अटॅक ओळखत नाही. चालताना छातीत दाटलं, डावा हात, जबडा दुखायला लागला, दरदरून घाम फुटला, तर मनगटाकडे बघत बसायचं नाही. थेट हॉस्पिटल.

ह्यांच्यासाठी काय करायचं ते सांगते. दंडाला पट्टा गुंडाळायचं साधं डिजिटल बीपी मशीन घ्या, दीड ते अडीच हजारांत चांगलं येतं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजत असताना बोलायचं नाही. आपल्याकडे नेमकं तेव्हाच ‘गॅस बंद केलास का’ विचारतात. चहा झाल्यावर अर्धा तास थांबायचं. तुम्ही वाचवू पाहत असलेले पैसे इथे खर्च करा. नामांकित कंपन्यांच्या काही घड्याळांत बीपी असतं, नाही असं नाही. पण सॅमसंगचंच पाहा, दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे मशीन आणावंच लागतं. मग आधीच आणा.

तीस हजारांचं ॲपल एका वाक्यात निकालात निघतं : ते आयफोनशिवाय सुरूच होत नाही. तुमच्या मुलाने प्रेमाने लिंक पाठवली, आईकडे कुठला फोन आहे हे बघायचं मात्र राहिलं. त्याला रागवू नका, माझ्या ओळखीत एकीने घड्याळ घरी आल्यावर हे शोधून काढलं आणि मग त्यापायी फोन बदलला.

मग घ्यायचं काय? तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत : पावलं, नाडी, आणि आठवडाभर टिकणारी बॅटरी. एवढ्यासाठी अडीच ते पाच हजारांतला बँड पुरतो, घड्याळ नकोच. बँड अरुंद असतो, झोपेत रुतत नाही, आणि पडदा लहान असल्याने बॅटरी जास्त टिकते. सॅमसंगचा गॅलॅक्सी फिट घ्या, अमेझफिटचा घ्या, आणखी कुणाचा घ्या; या किमतीत त्यांच्यात फार डावं-उजवं नाही, आणि मॉडेलं इतक्या वेगाने बदलतात की मी एकाचं नाव सांगेन आणि तुम्ही दुकानात जाल तोवर ते मिळायचं बंद झालेलं असेल. बॅटरीसाठी मी हट्ट का धरते? रोज रात्री चार्ज करायचं घड्याळ चौथ्या रात्री विसरलं जातं, पाचव्या दिवशी कपाटात जातं. बँड रविवारी पेपर वाचताना चार्जिंगला लावायचा, संपलं.

दुकानात दोन गोष्टी मात्र स्वतः बघा. पहिली, पाणी. डब्यावर ‘५ एटीएम’ लिहिलेलं हवं. याचा अर्थ ५० मीटर खोल जाता येतं असा नाही, स्थिर पाण्याचा तेवढा दाब सोसतो एवढाच; पण पावसात चालणं, भांडी घासणं, मासे धुणं याला तो पुरेसा आहे. कढत पाणी आणि साबणाने मात्र आतली सीलं हळूहळू खराब होतात, तेव्हा अंघोळीला काढून ठेवा. दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही : मराठी. बऱ्याच बँडमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. बहिणीचा ‘पोचलीस का?’ असा मेसेज आला की मनगटावर पाच-सहा चौकोन उमटतात. विक्रेत्याला म्हणावं, तुझ्या फोनला जोड आणि मला एक मराठी मेसेज यात दाखव. तो म्हणेल अपडेटमध्ये येईल. येत नाही.

बिल घ्या. फुटपाथवर त्याच नावाचं सहाशे रुपयांत मिळतं, ते केळ्यासाठी ठीक आहे.

आता लावायचं कसं. इथे घाई करू नका, कारण पुढची सगळी अचूकता या अर्ध्या तासावर आहे.

आधी पूर्ण चार्ज करा. कंपनीचं ॲप फोनच्या प्ले स्टोअरमधूनच घ्या. डब्यावरचा चौकोनी कोड स्कॅन केल्यावर स्टोअर न उघडता कुठली तरी फाइल उतरवायला सांगितलं, तर तिथेच थांबा आणि बँड परत करा. तुम्ही पतपेढीत आहात, अशा फाइलींनी लोकांची खाती कशी रिकामी होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. जोडणी ॲपच्या आतून करायची, फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून नाही; यादीतून जोडला की पुष्कळदा ॲपला तो सापडत नाही आणि मग घरातला प्रत्येक जण एकेक करून प्रयत्न करतो.

ॲप परवानग्या मागेल. जवळची उपकरणं हो. लोकेशन मागितलं तर ‘वापरताना फक्त’ एवढंच. जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथ शोधायलाच ते लागतं, म्हणून घाबरू नका. फोनबुक, कॉलची यादी, एसएमएस यांना नाही म्हणा. नाही म्हटल्याने पावलं मोजणं अडत नाही. एसएमएसचं आणखी एक कारण आहे. करी रोडला साडेनऊच्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभ्या आहात, हात शेजारणीच्या नाकासमोर, आणि मनगटावर ओटीपी झळकतोय. माझ्या बाबतीत झालंय. शेजारच्या बाई भल्या होत्या, म्हणाल्या, ‘तुमचं गॅस सिलिंडर आलं वाटतं.’ नोटिफिकेशनमध्ये फक्त फोन कॉल चालू ठेवा, बाकी सगळं बंद. बँड थरथरला की घरून फोन आहे, इतकं सोपं असलं की माणूस तो हातात ठेवतो.

मग तुमची माहिती. वय, उंची, वजन खरं भरा. वजनाचं विशेषकरून सांगते, कारण मी स्वतः पहिल्यांदा चार किलो कमी भरलं होतं, जणू बँड कुणाला जाऊन सांगणार होता. उंचीवरून तो पावलाची लांबी काढतो, वयावरून नाडीची वरची मर्यादा. २२० वजा वय, म्हणजे तुमच्यासाठी १६७, हा जुना ढोबळ हिशोब. झपझप चालताना नाडी साधारण १०५ ते १२५मध्ये राहिली की झालं. त्याहून सोपी परीक्षा : चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. ओळीत गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा, वाक्य तुटत असेल तर कमी करा.

ह्यांनी कधी तुमचा बँड लावून बघितला तर एक ध्यानात असू द्या. त्यांच्या गोळीचं नाव ‘लॉल’ने संपत असेल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असं काही, तर ती गोळी नाडीला वर जाऊच देत नाही. बँड म्हणेल अजून जोर लावा, आणि गोळी म्हणेल नाही. अशा माणसाने नाडीच्या आकड्यामागे धावायचं नाही. बोलण्याची परीक्षा त्यांच्यासाठी जास्त खरी. कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर घड्याळ आणि त्याचा चुंबकाचा चार्जर यांच्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारायचं.

कुठल्या हातात? ज्या हाताने काम कमी करता त्यात, बहुतेकांचा डावा, आणि ॲपमध्ये तसं सांगायचं. पण डाव्या हातात बांगड्या असतीलच. बांगड्या बँडवर आपटत राहिल्या की बँड हलतो, प्रकाश गळतो, नाडी चुकते. बांगड्या काढा असं मी म्हणणार नाही. बँड त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला सरकवा. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बसला पाहिजेच, दोन-तीन बोटं वर गेला तरी बिघडत नाही, उलट चालताना तिथे नाडी जास्त नीट मिळते. घट्ट किती? हात हलवल्यावर घसरू नये, काढल्यावर वळ उठू नये.

आणि पावसाळ्यात, म्हणजे मुंबईत जून ते ऑक्टोबर, आणि खरं तर मार्चपासूनच, रोज तासभर तरी काढून ठेवा. पहिल्या वर्षी मी कौतुकाने चोवीस तास घातला आणि जुलैत मनगटाभोवती लाल कडं उठलं. मला वाटलं रबराची ॲलर्जी. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, घाम आणि साबण आत कोंडलाय, दुसरं काही नाही. पट्टा साध्या पाण्याने धुवायचा, पुसायचा, हातही कोरडा करायचा. तरी खाज आली तर नायलॉनचा विणलेला पट्टा मिळतो.

शेवटचा टप्पा फोनमधला. आपले फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲपं गुपचूप बंद करतात. सेटिंगमध्ये जाऊन या एका ॲपला बॅटरीचं बंधन नको असं सांगा, आणि ‘ऑटोस्टार्ट’ दिसलं तर तेही चालू करा. ‘बँड आठवड्यात बिघडला’ म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारींचं उत्तर मला या एका बटणात सापडलंय.

लावून झाला की परीक्षा घ्या. चाळीच्या लांब गॅलरीत किंवा इमारतीच्या आवारात मनात मोजून २०० पावलं चाला, हात मोकळे सोडून. बँडने १९० ते २१० दाखवली तर पास. मग दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तेवढंच चाला. आकडा दणकन घसरेल, कारण तो पावलं मोजतच नाही, हाताचा झोका मोजतो. हात स्थिर की तुम्ही स्थिर. याच्या उलट, त्या मोदकांच्या दिवशी खवणीवर बसून नारळ खवताना माझी सहाशे पावलं झाली होती, एकाच पाटावर. पोळ्या लाटताना होतात, बसच्या हादऱ्यांत थोडी होतात. बाजारातली हरवतात, स्वयंपाकघरातली फुकट मिळतात. तुमचा दिवस साधारण रोज सारखाच असल्याने ही चूकही रोज सारखीच असते, आणि म्हणून तुमचा आजचा आकडा तुमच्याच कालच्या आकड्याशी ताडून बघायला हरकत नाही. ऑफिसातल्या मुलीच्या आकड्याशी ताडायला मात्र आहे.

त्या दहा हजारांची गोष्ट ऐका. १९६४मध्ये टोकियोला ऑलिंपिक झालं, जपानभर व्यायामाची लाट आली, आणि १९६५मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचा पावलं मोजणारा डबा काढला. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. गोल, लक्षात राहणारा आकडा. कुठल्या मोठ्या अभ्यासातून तो निघाला नव्हता, तो मालाच्या नावात होता. पुढे संशोधन झालं तेव्हा चित्र वेगळं दिसलं. अमेरिकेत सरासरी ७२ वयाच्या सोळा हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. ७,५०० च्या पुढे जास्तीचा फायदा दिसेनासा झाला. तुमचं वय कमी आहे, तुम्हाला जास्त जमेल, पण दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री अकरा वाजता खोलीत येरझाऱ्या घालायचं कारण नाही.

तुमच्यासाठी असं करा. पहिला आठवडा नुसता बँड घाला, काहीही बदलू नका. सात दिवसांची सरासरी काढा. समजा ती ४,८०० आली, तर ॲपमधलं ध्येय ५,८०० करा. ते दोन आठवडे जमलं की आणखी हजार. ॲप स्वतःहून १०,००० किंवा ८,००० भरून ठेवतं, ते आधी खोडा. रोज नापास करणारा मास्तर कुणाला आवडतो?

पण तुमचा खरा प्रश्न पावलांचा नाही, ६.१चा आहे, आणि तिथे कधी चालता याला महत्त्व आहे. २०१३मधला एक छोटा अभ्यास आहे, दहाच माणसं होती, साठीच्या पुढची, साखर वाढण्याच्या उंबरठ्यावरची. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालल्याने दिवसभराची साखर एकदम पाऊण तास चालण्याइतकीच सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेला तर ते जास्त लागू पडलं. अभ्यास लहान आहे, पण यात गमावण्यासारखं काही नाही. दुपारी डबा खाल्ला की हॉर्निमन सर्कलच्या बागेला फेऱ्या मारा. रात्री जेवण झालं की भांडी तशीच राहू द्या, ह्यांना घ्या आणि चिवडा गल्लीपर्यंत जाऊन या, हात हलवत. काही विकत न घेता. तुमचा अर्धा तास इथेच झाला, डॉक्टरांचा शब्दही राखला गेला. बँडमध्ये या दोन वेळांचे गजर लावा. बँडचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग हाच आहे, की तो शांतपणे हाताला चिमटा काढतो आणि शेजारी बसलेल्याला ऐकू जात नाही.

चालण्याने होतं का, असं मनात येईल. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध केला. खाणं आवरणं आणि रोज चालणं एवढ्यावर पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. आपली माणसं, आपलंच भात-सांबार खाणारी. असले बँड तेव्हा बाजारातही नव्हते.

कॅलरीच्या आकड्याकडे बघूच नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७मध्ये मनगटावरची अशी सात यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांनी ठीक दिली, कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्र सरासरी २७ टक्के चुकत होतं, सगळ्यात वाईट ९३ टक्के. त्या आकड्यावर विसंबून वडापाव ‘कमावला’ असं ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. मी आरशातही पाहिले आहेत.

झोपेचे गुण तसेच. किती वाजता पडलात, कधी उठलात हे बँडला बऱ्यापैकी कळतं. गाढ झोप किती, स्वप्नांची किती, हा अंदाज असतो. तुमच्याकडे पहाटे पाणी येत असेल तर उठावं लागणारच, आणि तो सकाळी ‘झोप खराब’ म्हणून तोंड वाकडं करणार. महानगरपालिकेची वेळ त्याला माहीत नसते. बंद करून टाका.

आता मुलाचं. त्याची काळजी खरी आहे, त्यात शंका नाही. पण रोजचा आकडा त्याच्या फोनवर गेला की काय होतं ते मी माझ्या मैत्रिणीच्या घरी पाहिलंय. आधी फोन यायचा ‘आई, जेवलीस का?’ मग यायला लागला ‘आई, आज बाविसशेच?’ त्या दिवशी तिचा गुडघा दुखत होता. तिसऱ्या महिन्यात तिने बँड नातवाच्या हातात बांधून त्याला खाली खेळायला सोडलं; संध्याकाळी मुलगा खूश, चौदा हजार. तुम्ही तिथवर जाऊ नये म्हणून सांगते : ॲप जोडू नका. दर रविवारी, बँड चार्ज होत असताना, आठवड्याच्या सरासरीचा फोटो तुम्हीच त्याला पाठवा. आकडा तुमचा, पाठवणाऱ्या तुम्ही. तो हट्ट धरेल, तर त्याच्याकडून त्याचाही मागा. बेंगळुरूत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पोराची पावलं बघायला मला आवडेल.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना सरासरीचा कागद न्या, बीपीची वही न्या, आणि एचबीएवनसी लॅबमध्येच करा.

राहिलं एचएमटी. ह्यांना बँड मुळात लागतच नाही. दंडाचं मशीन त्यांचं, मनगटाचा बँड तुमचा, आणि रात्री चिवडा गल्लीपर्यंत दोघांची पावलं तशीही सारखीच पडणार. पुढे कधी त्यांनी हौसेने घेतलाच, तर तो उजव्या हातात घालून ॲपमध्ये ‘उजवा’ एवढं बदलायचं. लग्नातलं घड्याळ डाव्याच हातात राहू द्या. त्याला सकाळी चावी द्यावी लागते, बीपीची गोळी घ्यायची आठवण त्याच वेळेला करून द्या.